नव्या पिकअपचा मागचा एक्सल

पिकअपचा मागचा एक्सल एकाच वेळी तीन कामे करतो. हौद्यातल्या मालाचा बहुतेक भार तो पेलतो, इंजिनाकडून आलेला फेरा काटकोनात वळवून चाकांना देतो आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. ही सगळी यंत्रणा एका बंद पोलादी हाउसिंगमध्ये, साधारण दीड ते अडीच लिटर तेलात काम करत असते. इंजिनातल्या तेलाचा दाब पडला की समोर लाल दिवा लागतो. मागच्या एक्सलसाठी बहुतेक पिकअपमध्ये असा एकही दिवा नसतो. तेल गळून निम्मे झाले तरी गाडी चालतच राहते, आणि कानावर आवाज येतो तोवर दातांचे नुकसान होऊन गेलेले असते. त्यामुळे या भागाची तपासणी ठरवून, गाडीखाली वाकून करावी लागते. ती गाडी नवी असल्यापासूनच सुरू करावी, कारण एक्सलच्या आयुष्याचा मोठा भाग पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच ठरतो.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत नुसते ‘पिकअप’ म्हटले की बहुधा महिंद्राची बोलेरो पिकअपच समजली जाते. तिच्याहून लहान, २००५ साली आलेली टाटा एस ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाते. लासलगावचा कांदा असो की नारायणगावचा टोमॅटो, बाजार समितीच्या दारात याच गाड्यांची रांग असते. आकार वेगळा असला तरी दोघींचे मागचे अंग एकाच पद्धतीचे आहे: पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) टांगलेले एकसंध हाउसिंग, मध्यभागी डिफरन्शियलचा फुगवटा आणि दोन्ही टोकांना ब्रेकचे ड्रम. पुढची माहिती या जातीच्या सगळ्याच एक्सलना लागू पडते. आकडे मात्र प्रत्येक मॉडेलचे निराळे असतात आणि ते गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

हाउसिंगच्या आत

प्रोपेलर शाफ्टचा फेरा ज्या लहान गिअरवर येतो तो पिनियन, आणि पिनियन ज्या मोठ्या कडीसारख्या गिअरला फिरवतो तो क्राउन. पिनियनला १० आणि क्राउनला ४१ दात असतील, तर शाफ्टचे ४.१ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. ४० दात ठेवून हिशेब सोपा करता आला असता. पण मग पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या ठरावीक चारच दातांना भेटत राहिला असता, आणि एका दातावरचा ओरखडा त्याच चौघांना कायम खात बसला असता. ४१ दातांमुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो. क्राउनचे दहा फेरे झाले की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. म्हणून दोघांपैकी एकच खराब झाला तरी जोडीच बदलावी लागते.

या जोडीची रचना हायपॉइड नावाची आहे. तिच्यात पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, बाजूला सरकवलेला असतो. पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९२६ मध्ये मोटारींना हे गिअर बसवले आणि पुढे ते सर्वत्र पसरले. या रचनेत पिनियन जाड करता येतो, एका वेळी जास्त दात एकमेकांत गुंततात आणि आवाजही कमी होतो. मात्र दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, लांबीच्या दिशेने जोराने घसरतातही. इतक्या दाबाखाली घसरताना साध्या तेलाचा थर फाटतो आणि धातू धातूला भिडतो. या एक्सलला खास तेल लागते ते याच कारणामुळे.

क्राउनच्या पोटात डिफरन्शियलचे छोटे गिअर असतात. या कल्पनेचे पेटंट फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी १८२८ मध्ये घेतले होते. मागच्या दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असलेली गाडी पूर्ण उलटी वळवली, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त धावते, मग वळण कितीही मोठे असो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर एवढे अंतर टायर रस्त्यावर घासून काढावे लागले असते.

गाडी ताब्यात घेताना

शोरूममधून गाडी बाहेर काढण्यापूर्वी तिच्याखाली एकदा बॅटरी मारून पाहावे. प्रोपेलर शाफ्ट जिथे हाउसिंगमध्ये शिरतो त्या तोंडावर पिनियनचे ऑइल सील असते. तिथे ओल नसावी. हाउसिंगच्या जोडावर, तेल भरण्याच्या आणि सोडण्याच्या प्लगभोवती आणि चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीमागे तेलाचा ओघळ नसावा. नव्या गाडीवर कारखान्यातले मेण किंवा रंग असतो, तो गळतीसारखा दिसू शकतो. शंका आली तर भाग कोरड्या फडक्याने पुसावा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावा. गळती असेल तर ओल परत येते आणि तिच्यावर धूळ चिकटलेली दिसते.

बऱ्याच गाड्यांच्या मुख्य नटांवर कारखान्यात रंगाची रेघ मारलेली असते. ती नट आणि त्याखालच्या भागावर अखंड जाते, त्यामुळे नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ज्या नटांवर अशी रेघ नसेल तिथे पांढऱ्या मार्करने मारून घ्यावी. साध्या मार्करइतकी स्वस्त आणि खात्रीची पहारेकरी वस्तू गाडीखाली दुसरी नाही.

पहिले हजार किलोमीटर

नव्या गिअरचे दात डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ही टोके घासून सपाट होतात आणि त्या काळात तेल नेहमीपेक्षा जास्त तापते. नवी गाडी घेतली आणि पूजा आटोपून त्याच दिवशी भरगच्च माल घालून घाट चढवली, तर ती उष्णता दातांच्या पृष्ठभागावरच बसते. पहिले पाचशे-हजार किलोमीटर माल निम्मा ठेवावा, एकाच वेगाने तासन्‌तास पळवू नये आणि सुरुवातीच्या फेऱ्यांत मधूनमधून थांबून एक्सल थंड होऊ द्यावा. मालकाला हे जड जाते, कारण हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू झालेला असतो. तरीही हा संयम पाळावा. या काळातले नुकसान नंतर कोणत्याही सर्व्हिसिंगने भरून निघत नाही.

याच काळात यू-बोल्टकडे लक्ष द्यावे लागते. हाउसिंगला पाट्यांशी बांधून ठेवणारे हे चार बोल्ट. नव्या पाट्यांवर रंगाचे थर असतात. भार पडला की ते दबतात, पाने एकमेकांवर बसतात आणि घट्ट केलेला नट न फिरताही ढिला पडतो. अशा वेळी रंगाची रेघ अखंडच राहते, म्हणून इथे मार्करवर विसंबू नये. पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर, किंवा उशिरात उशिरा पहिल्या सर्व्हिसिंगला, हे नट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत कसून घ्यावेत. पाइप लावून अंदाजे आवळलेला नट बोल्ट ताणतो. ताणलेला बोल्ट ढिल्या बोल्टइतकाच वाईट.

यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा धक्का पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल एका बाजूला मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातल्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना टेपने मोजावे. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. यू-बोल्टच्या पट्टीच्या कडेने तांबूस, कुंकवासारखी पूड ओघळलेली दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर हलते आहे.

चाकांचे नटही पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर आणि दर वेळी चाक काढून बसवल्यावर पुन्हा कसावेत.

तेल

दुकानात जाऊन ‘नव्वद नंबर द्या’ म्हटले की गिअर ऑइल मिळते, पण तेवढे सांगणे पुरेसे नाही. नव्वद हा फक्त दाटपणाचा आकडा आहे. शिवाय तो इंजिन ऑइलच्या आकड्यांहून वेगळ्या मापावरचा आहे. ९० नंबरचे गिअर ऑइल प्रत्यक्षात साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. ‘८० डब्ल्यू ९०’ असे लिहिलेले तेल थंडीत पातळ राहते आणि तापल्यावर नव्वदच्या दाटपणाचे काम करते.

दुसरा शब्द अधिक महत्त्वाचा: जीएल-४ की जीएल-५. हायपॉइड एक्सलला जीएल-५ लागते. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असतात. दातांवर दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी संयोग पावून एक पातळ थर बनवतात आणि तो थर स्वतः झिजून दात वाचवतो. गिअर ऑइलचा तो ओळखीचा उग्र वास याच गंधकाचा. पण हीच संयुगे काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना खातात, म्हणून अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते. एकाच नंबरच्या दोन बाटल्या, एक गिअरबॉक्सची आणि एक एक्सलची, गडबडीत अदलाबदल होतात आणि दोन्हीकडे नुकसान होते. बाटलीवरचा नंबर पाहिला तसा हा शब्दही स्वतः वाचूनच तेल ओतू द्यावे. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असलेल्या गाड्यांना याहूनही वेगळे, खास मिश्रण घातलेले तेल लागते.

तेलाची पातळी पाहण्यासाठी गाडी सपाट जागेवर हवी आणि एक्सल थोडा थंड झालेला हवा. हाउसिंगच्या कडेला किंवा मागच्या झाकणावर मध्याच्या आसपास भरण्याचा प्लग असतो. त्याच्याभोवतीची माती आधी ब्रशने साफ करावी, नाहीतर प्लग उघडताच ती आत पडते. प्लग काढून करंगळी आत घालावी आणि वाकवावी: भोकाच्या खालच्या काठाला तेल लागले पाहिजे. त्याहून बरेच खाली असेल तर ते कुठे गेले याचा शोध आधी घ्यावा आणि मग तेल भरावे. काठाच्या वर भरणेही चूक. जादा तेल घुसळून फेसाळते, तापते आणि सील फोडून ड्रममध्ये उतरते. ब्रेक लायनरला एकदा गिअर ऑइल लागले की ते पुसून उपयोग नसतो, लायनर बदलावेच लागतात.

तेल बदलताना एक नियम कधीही मोडू नये: आधी वरचा, भरण्याचा प्लग सैल करावा आणि मगच खालचा काढावा. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडून दिले असेल, तर कोरडी गाडी जागेवरच अडकते. गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून तेल कोमट करून सोडावे, म्हणजे तळाची घाणही त्याच्याबरोबर निघते.

खालच्या प्लगला बहुधा लोहचुंबक असतो, आणि एक्सलची खरी हकीकत त्यावर लिहिलेली असते. नव्या गाडीच्या पहिल्या तेलबदलात चुंबकावर करड्या रंगाची मऊ पूड जमलेली दिसते. ती अंगठा आणि तर्जनीत चोळावी. काजळासारखी गुळगुळीत लागली तर ती दात बसतानाची स्वाभाविक झीज आहे. पुसून टाकावी आणि निश्चिंत राहावे. बोटांना कण टोचले, पांढऱ्या फडक्यावर चमकणारे पापुद्रे दिसले किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर गाडी पुढे न चालवता हाउसिंग उघडून पाहणे भाग आहे. निघालेले तेलही पारखावे. दुधाळ, चहासारखे झालेले तेल म्हणजे आत पाणी गेले आहे. काळे पडलेले, जळका वास येणारे तेल म्हणजे एक्सल बेसुमार तापला आहे.

तेल किती किलोमीटरने बदलावे हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. पुस्तिकांमध्ये बहुधा दोन आकडे असतात, एक साध्या वापराचा आणि एक कठीण वापराचा. घाट, धूळ, चिखल आणि रोजचा पूर्ण भार हा कठीण वापर आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक पिकअपना दुसराच आकडा लागू होतो. काही कंपन्या पहिला बदल लवकर सांगतात. तो चुकवू नये, कारण दात बसताना निघालेली सगळी पूड त्याच तेलात असते. हमीच्या मुदतीत हे काम अधिकृत ठिकाणी करून बिल जपून ठेवावे.

ब्रीदर आणि पावसाळा

हाउसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी किंवा रबरी नळी असते. हा ब्रीदर. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि इथून बाहेर पडते. चिखलाने ही टोपी बुजली की हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत तेलही नेते. नवे सील टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळती सुरू झाली, तर सीलला दोष देण्याआधी ब्रीदर पाहावा. टोपी बोटाने फिरली आणि वरखाली हलली पाहिजे.

पावसाळ्यात प्रकार उलटा होतो. तापलेला एक्सल ओढ्यातून किंवा बुडालेल्या साकवावरून नेला की थंड पाण्यात आतली हवा एकदम आकसते आणि हाउसिंग बाहेरचे पाणी आत ओढते. कोकणात आणि भातशेतीच्या पट्ट्यात हे दर पावसाळ्यात घडते. पाणी हाउसिंगच्या वर गेले असेल तर किलोमीटर न मोजता तेल तपासावे, दुधाळ असेल तर त्याच आठवड्यात बदलावे. पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंगचे रोलर गंजतात, आणि गंजाचा ठिपका पुढे खड्डा होतो.

जादा पाटा

नवी पिकअप घेतल्यावर पहिल्याच महिन्यात पाटे वाढवून घेण्याची पद्धत रूढ आहे. जादा पाट्याने गाडी मागून बसत नाही, त्यामुळे ती जास्त माल पेलते असे वाटते. प्रत्यक्षात वाढते ती फक्त पाट्यांची ताकद. हाउसिंग, बेअरिंग, एक्सलचे दांडे, टायर आणि ब्रेक कंपनीने दिले होते तेवढेच राहतात. मागच्या चाकाच्या रोलर बेअरिंगवरचा भार दीडपट झाला तर त्याचे आयुष्य जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. बेअरिंगच्या हिशेबाचे हे जुने आणि सर्वमान्य सूत्र आहे. हाउसिंग मध्यात किंचित वाकले तर दोन्ही चाके वरून आत झुकतात आणि मागच्या टायरांची आतली कड आधी झिजते. पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटने ही झीज थांबत नाही.

याहून गंभीर गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये चेसीला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चेसी खाली बसते, दांडा वाकतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. पाटे कडक केले की चेसी बसतच नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाटा वाढवणाऱ्या बहुतेक दुकानांत या दांड्याकडे कोणी पाहत नाही. जादा पाटा टाकूच नये हेच योग्य. टाकलाच असेल तर हा व्हॉल्व्ह जाणत्या माणसाकडून जुळवून घेतल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.

लांब सळया किंवा बांबू हौद्याबाहेर लोंबत नेतानाही हेच भान हवे. एक्सलच्या मागे गेलेले वजन पुढची चाके हलकी करते आणि मागच्या एक्सलवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार टाकते.

आवाज आणि झटके

गाडीखाली काम करण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. बहुतेक पिकअपचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. ती उचलली की हँडब्रेक गाडीला धरून ठेवत नाही. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या लावूनच काम करावे.

मागची दोन्ही चाके उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवले की साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे चाक उलट फिरते. फिरवताना खरखर जाणवली तर बेअरिंग पाहावे. चाक वर-खाली धरून हलवून ढिलेपणा तपासावा. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून पाहावा: त्याच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये ढिलेपणा नसावा, आणि क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लाल पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत असे समजावे. जिथे ग्रीस निपल आहे तिथे चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारावा.

चालत्या गाडीत आवाज कधी येतो हे नीट ऐकले तर निम्मे निदान होते. अॅक्सिलरेटर दाबताना घुमणारा आणि पाय काढताच सूर बदलणारा आवाज क्राउन-पिनियनचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. फक्त वळणावर येणारा कटकट आवाज डिफरन्शियलच्या लहान गिअरचा. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला की बदलणारा आवाज टायरचा, एक्सलचा नव्हे. गाडी उचलताना ‘टक’ असा एकच झटका बसत असेल तर आधी क्रॉस तपासावा; तो ठीक निघाला तरच क्राउन-पिनियनच्या दातांमधल्या मोकळ्या जागेकडे, म्हणजे प्लेकडे वळावे. हा प्ले अनेक गाड्यांत ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एक-दोन कागदांच्या जाडीइतका ठेवलेला असतो आणि तो डायल गेजनेच मोजता येतो.

म्हणूनच क्राउन-पिनियनची जुळणी रस्त्याकडेच्या गॅरेजात अंदाजाने करू नये. अनेक एक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगचा ताण एका दबणाऱ्या नळीवर ठरतो. पिनियनचा नट आवळताना ती ठरावीक मापापर्यंत चेपते आणि एकदा चेपली की पुन्हा वापरता येत नाही. गळणारे सील बदलण्यासाठी तो नट खोलून अंदाजाने परत आवळला, तर बेअरिंग एकतर ढिले राहते किंवा काही शे किलोमीटरमध्ये जळते. हे काम करून घेताना नवी नळी टाकली का आणि ताण मोजला का, एवढे दोन प्रश्न मालकाने जरूर विचारावेत. क्राउन-पिनियनची जोडी नवी बसवली असेल तर तो एक्सल पुन्हा नवाच झाला असे धरावे: पहिले काही शे किलोमीटर हलका माल, मधूनमधून विश्रांती आणि त्यानंतर तेलबदल.